टोन्ले सॅप तळं (कंबोडिया): फील्डवर्कचा बेत तपासून हवाय

पाणकणीस:
एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, दुसरं वर्ष. तळ्यातल्या प्रेक तोआल गावाच्या बाजूला बुडालेल्या जंगलातला विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) आणि तरंगत्या गावांतली मासेमारी यांचा संबंध बघायचा आहे. मे महिन्यात सुट्टी आहे. ६ जागा, प्रत्येकी एकदा मोजणी, ५० घरांचा सर्व्हे, गाळाचे नमुने पुण्यात आणून तपासणार. काही राहतंय का?

गाळमाती:
मे महिनाच बदला. एप्रिल-मेमध्ये तळं सगळ्यात आटलेलं असतं: जेमतेम मीटरभर पाणी, पसारा २,५०० चौ. किमीच्या आसपास. पावसाळ्यात मेकाँग फुगली की टोन्ले सॅप नदी उलटी वाहते आणि तेच तळं १५,००० चौ. किमीपर्यंत पसरतं, खोली ८-९ मीटर. मेमध्ये तुमचं 'बुडालेलं जंगल' कोरडं असेल, मोजणार काय? नोव्हेंबर-डिसेंबर बघा, पाणी उतरत असतं.

६ जागा एकेकदा मोजून हाती काही लागणार नाही. ३ ठेवा (उघडं पाणी, जंगलाची कड, आतलं जंगल) आणि प्रत्येक ठिकाणी पहाटे ६ आणि दुपारी २ला मोजा. झाडोऱ्यात पाला कुजतो, त्यात पहाटेचा डीओ अगदी कमी होतो. दुपारी शेवाळ तो वाढवतं. सकाळी एक जागा आणि दुपारी दुसरी मोजलीत तर फरक जागेचा की वेळेचा, हे कळायला मार्ग नाही. वरून ३० सेंमी आणि तळापासून ५० सेंमी वर, अशी दोन रीडिंग घ्या. २८ अंशांना संपृक्त (आणखी ऑक्सिजन मावत नाही अशा) पाण्यात साधारण ७.८ मिग्रॅ/लि. डीओ असतो, कॅलिब्रेशननंतर (मीटर जुळवून घेतल्यावर) आकडा याच्या जवळ येतो का, रोज बघा. मीटरचा पडद्याचा प्रोब (पाण्यात बुडवायचा सेन्सर) स्वतःच ऑक्सिजन खातो, त्यामुळे साचलेल्या पाण्यात हलवत राहावा लागतो, नाहीतर रीडिंग उगाच घसरतं. ऑप्टिकल (प्रकाशाने मोजणारा) मिळाला तर उत्तम.

होडीचा पंखा गाळ उसळवतो. इंजिन बंद करून १० मिनिटं थांबा, मग होडीच्या पुढच्या टोकाकडून नमुना घ्या.

आणि रोजची पातळी काम्पाँग लुआंगच्या गेजवरून उतरवा. मेकाँग नदी आयोग ती ऑनलाइन देतो. तारखेपेक्षा पातळीवर आलेख काढलात तर पुढच्या वर्षीच्या बॅचला तुलना करता येईल.

जाळंवाली:
सर्व्हेबद्दल. 'महिन्याला किती मासे मिळतात?' असं विचारलंत की गोल आकडे येतात. कालच्या २४ तासांत कोणतं जाळं, आस (जाळ्याच्या भोकाचं माप) किती, किती किलो, एवढंच विचारा. त्यातलं किती विकलं, घरी किती खाल्लं, प्राहोकसाठी (खारवून आंबवलेली मासळी) किती ठेवलं, हे वेगवेगळं लिहा. प्राहोकचा हंगाम डिसेंबर-जानेवारीत जोरात असतो. तो हिशेब सुटला तर घराची निम्मी मिळकत सुटली म्हणून समजा. १ जून ते ३० सप्टेंबर हा मासेमारीबंदीचा काळ, त्याबद्दल खरी उत्तरं सहसा मिळत नाहीत. दुभाषी त्याच गावच्या सरपंचाच्या घरचा नको.

'मेकाँगवरच्या धरणांमुळे मासे घटले' हा निष्कर्ष एका हंगामाच्या आकड्यांवर काढू नका, गाइड सांगत असले तरी.

पाणकणीस:
पटलं, डिसेंबर धरते. गाळाचं काय?

गाळमाती:
भारतात माती आणायला प्लांट क्वारंटाइनची परवानगी आधीच काढावी लागते, नाहीतर विमानतळावर अडकेल. त्यापेक्षा तिथल्याच विद्यापीठाच्या लॅबमध्ये १०५ अंशांवर वाळवा, ५५० अंशांवर ४ तास जाळा, सेंद्रिय भाग वजनातल्या घटीवरून काढा आणि आकडे घेऊन या. विंकलरसाठीचं (रसायनांनी डीओ मोजायची पद्धत) सल्फ्युरिक ॲसिड विमानात चालत नाही, तिथेच विकत घ्या. मीटरच्या जादा लिथियम बॅटऱ्या मात्र केबिन बॅगेतच.