एचआयव्हीपुढे प्रतिकारशक्ती खरंच हतबल असते का?

कृष्णाकाठची (सांगली):
परवा विश्रामबागेतल्या एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, "हा विषाणू शिरला की शरीराचं काही चालत नाही." मला हे साफ अमान्य आहे. 1986 मध्येच विषाणूशास्त्रज्ञ जे लेव्ही यांच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोत दाखवलं होतं, की बाधितांच्या रक्ताच्या नमुन्यातून सीडी8 पेशी (विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढल्या तर विषाणू जोमाने वाढतो आणि त्याच पेशी परत घातल्या की दबतो. पुढे कळलं की हे बाधित पेशीला न मारताही होतं. पेशी जिवंत राहते, आत विषाणूच्या जनुकांचं वाचन मंदावतं. हे लोकांना का सांगायचं नाही?

औषधवाला_मिरज:
ताई, सांगा की! पण ऐकणारा काय ऐकतो? "शरीर लढतंय, मग गोळ्या कशाला?" दुकानात इम्युनिटीचा काढा मागणारे रोज येतात. सिव्हिलमध्ये एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, फुकट मिळते, तरी मध्येच सोडणारे आहेत. सीडी4 (एचआयव्ही ज्यांना गाठतो त्या पांढऱ्या पेशी) चांगले दिसले म्हणून औषध थांबवून बघायचा मोठा प्रयोग झालाय, स्मार्ट नावाचा. 2006 मध्ये तो आवरता घ्यावा लागला, कारण थांबवणाऱ्यांत आजार आणि मृत्यू जास्त निघाले. तुमच्या सीडी8 तेव्हा कुठं गेल्या होत्या?

लॅबवाली:
दादा, होत्या तिथंच होत्या, कमी पडल्या. विषाणू नक्कल करताना सतत चुका करतो, त्यामुळे रूप बदलून निसटतो. शिवाय काही सीडी4 पेशींत तो गप्प पडून राहतो, तिथं सीडी8 ला ओळखायला काही दिसतच नाही. सीडी8 पेशींवरच भिस्त ठेवलेली, स्टेप या चाचणीतली लस 2007 मध्ये फसली.
पण ताईंचा मुद्दा उडवून लावू नका. एसआयव्ही (एचआयव्हीचा माकडांतला भाऊबंद) झालेल्या, औषधं चालू असलेल्या माकडांच्या सीडी8 पेशी काढल्या, तर रक्तातला विषाणू वाढला. 2016 चा अभ्यास आहे. म्हणजे गोळ्या चालू असतानाही या पेशी राबत असतात.

कृष्णाकाठची:
हेच म्हणते मी! आणि 1995 मध्ये गॅलो-लुसो या संशोधकांच्या गटाने सीडी8 पेशींतून रँटेससारखी तीन रसायनं शोधली. ती विषाणू पेशीत शिरतो ते सीसीआर5 नावाचं दार अडवतात, हे पुढच्या वर्षी उमगलं. त्यातूनच मॅराव्हिरॉक ही गोळी आली. पेशींकडून शिकूनच औषध झालं, दादा.

औषधवाला_मिरज:
मान्य. पण पेशीच्या आतली वाढ जे रोखतं, त्या घटकाची ओळख अजून पटलेली नाही, हेही व्याख्यानात सांगा. आणि औषधाशिवाय विषाणू दाबून ठेवणारे शंभरात एकही नसतात. माझ्याकडचं प्रत्येक गिऱ्हाईक मात्र स्वतःला त्यातलंच समजतं.

लॅबवाली:
मग काढ्याआधी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते, तपासायला पाठवा. आकडा बघितला की वाद मिटतो.

औषधवाला_मिरज:
पाठवतो. जातात किती, ते विचारू नका.