मदत हवी आहे: उपेंद्र बक्षी सरांच्या कुलगुरूपदाच्या काळाबद्दल

नमस्कार मंडळी, एलएलएमच्या सेमिनारला कायद्याचे अभ्यासक उपेंद्र बक्षी सरांवर बोलायचंय. मथुरा केसच्या (पोलीस ठाण्यातल्या बलात्काराचा खटला, सुप्रीम कोर्टाने पोलिसांना निर्दोष सोडलं होतं) निकालावर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र काल परत वाचलं, खाली चार सह्या, बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, वसुधा धागमवार, अजूनही अंगावर काटा येतो आणि १९८३ला बलात्काराचा कायदा बदलला त्यात या पत्राचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. पण पुढे गाडी अडलीये. सर आधी सुरतला कुलगुरू होते आणि मग १९९० ते ९४ दिल्ली विद्यापीठात, तेव्हा तर मंडल आयोगाच्या आरक्षणाविरुद्धचं आंदोलन पेटलेलं, अशा वेळी घटनेचा अभ्यासक त्या खुर्चीत बसून काय निर्णय घेतो हे मला खरंच समजून घ्यायचंय. तेव्हा तिथे शिकलेलं कुणी आहे का इथे? जुनी कात्रणं, मुलाखत, आठवणी, काहीही चालेल, प्लीज सांगा.