मदत हवी आहे: टेबल कटरवर बोटं वाचवणारी यंत्रणा बसवता येते का?

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीजवळ आमचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, काम बहुतेक सागवानाचं. शेजारच्या गावात एका पोराची दोन बोटं कटरमध्ये गेली. तेव्हापासून आमची पोरं मशीनवर उभी राहिली की जीव धास्तावतो.

अमेरिकेतल्या सॉस्टॉप कंपनीच्या टेबल कटरबद्दल वाचलं. पात्यात बारीक विद्युत सिग्नल असतो. कातडी लागली की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ब्रेक पात्यात घुसून साधारण 5 मिलिसेकंदांत पातं थांबवतो. बोटावर फक्त ओरखडा! पण एकदा ब्रेक लागला की त्याचं कार्ट्रिज बदलावं लागतं, पातंही बहुधा वाया जातं. फार ओल्या लाकडानेही तो लागू शकतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाकूड कोरडं मिळणं कठीण.

जुन्या मशीनवर असं काही बसवून देणारं नागपूर-चंद्रपूरकडे कुणी आहे का? नसेल तर निदान पात्याचं झाकण आणि मागची राइव्हिंग नाइफ (कापलेली फट मिटू न देणारी पात्यामागची पट्टी) तरी कुठे मिळेल? फळी पात्यावर आवळली की मागे उसळते, मला जास्त भीती त्याचीच वाटते.

दुसरं, लाईन गेली आणि परत आली की मशीन आपोआप सुरू होतं. त्यासाठी नो-व्होल्ट स्विच थ्री फेज, 3 एचपी मोटरला कोणता घ्यावा? वापरणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा, फोटो असेल तर फारच बरं.