इटलीत सापडलेला मेसटिन : घर शोधायला मदत हवी

पेरुजाहून

नमस्कार मंडळी,

मोंतोनेजवळ एका शेतकऱ्याच्या गोठ्याची जुनी भिंत पाडताना अॅल्युमिनियमचा मेसटिन, म्हणजे सैनिकाचा जेवणाचा डबा, निघाला. झाकणाच्या आत खिळ्याने कोरलेलं मराठी नाव आहे, खाली आकडे. घरातल्या आजोबांना तो त्या सैनिकाच्या घरी पोचवायचा आहे, रोज विचारतात. फोटो जोडलाय. मुंबईत कोणी लक्ष घालेल का? की सरळ फेसबुकवर टाकू?

उत्तर : लालबागहून

ताई, नमस्कार.

फेसबुकवर आत्ता नको. घरच्यांना ही गोष्ट कुणाच्या तरी फॉरवर्डमधून कळू नये. म्हणून नाव मीही इथे लिहीत नाही.

फोटो मोठा करून पाहिला. अक्षर शाळेत गिरवलेलं दिसतं, आडनावावरची रेघ एका दमात ओढली आहे. पण खाली कोरलेल्या लष्करी नंबरचा शेवटचा आकडा १ की ९ हे पोच्यामुळे लागत नाही. खोलीत अंधार करून टॉर्च झाकणाला जवळजवळ टेकवा, उजेड बाजूने पडू दे आणि पुन्हा फोटो काढा. कृपा करून घासू नका, चिंच-लिंबू काही लावू नका. कोरलेलं फार उथळ आहे.

सगळी भिस्त त्या नंबरावर आहे. त्या नावाचे दहाजण पलटणीत सहज असतील. इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन ८व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती आणि तिसरी १०व्या. तुमच्या भागात, वरच्या टायबर खोऱ्यात, तिसरी लढली. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण देह सापडला नाही, म्हणून नाव इटलीतल्याच कासिनोच्या स्मारकावर आहे. मोंतोनेत २०२३ साली त्यांचं स्मारक उभं राहिलं, ते आजोबांना ठाऊक असेलच. मेसटिन त्याच पलटणीचा असेल असं मला वाटतं, पण नंबर जुळेपर्यंत हे धरून चालू नका.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर नंबर टाकून शोधता येतं. नावाचं स्पेलिंग कारकुनाने कसं केलं असेल सांगता येत नाही, म्हणून नावाने सुरुवात करू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच नोंदींत आई-बापाचं किंवा बायकोचं नाव आणि गाव असतं. जिल्हे मात्र तेव्हाचे. कणकवलीचं गाव रत्नागिरीत दिसेल, कारण सिंधुदुर्ग १९८१ साली झाला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. सावंतवाडी तर तेव्हा संस्थान होतं.

नोंद सापडली नाही, तर फार आनंद होईल मला. कमिशनकडे फक्त मेलेल्यांची नावं असतात, आणि ज्याचा मेसटिन हरवला तो माणूस सुखरूप घरी येऊन नातवंडं खेळवूनही गेला असेल. म्हणून आजोबांना एवढ्यात ‘शहीद’ सांगू नका, आणि आपणही कुणाच्या दारात तसं बोलत जायचं नाही. तशा वेळी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला नंबरासकट पत्र लिहू.

गाव कळलं की पुढचं काम मुंबईतच होईल. लालबाग-परळला अजून गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या आहेत. गिरणीत कामाला आलेली माणसं तिथेच उतरायची, आणि वर्गणीच्या वह्यांत वाडीवार घरं लिहिलेली असतात. निम्म्या गावाचं आडनाव एकच असतं. त्यामुळे नुसतं आडनाव सांगून काही होत नाही, वाडी आणि भावकी लागते. ती या खोल्यांतल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ. ‘लढाईवर गेलेला आजा’ म्हटलं की कुठलं घर ते लगेच सांगतात. कागदावर असं कुठेच मिळणार नाही, आणि ही माणसंही आता फार थोडी उरली आहेत. म्हणून घाई आहे.

पेरुजाहून

दादा, टॉर्च लावून काढलेला फोटो जोडला आहे. शेवटचा आकडा ९ आहे, आता स्वच्छ दिसतो. नंबर टाकला आणि नोंद निघाली. नाव कासिनोला आहे. बापाचं नाव, गाव, पुढे कुलाबा. तुम्हाला वेगळ्या मेलने पाठवते.

लालबागहून

मिळालं. महाड तालुक्यातलं आहे ते गाव. त्यांच्या मंडळाची खोली करी रोडला आहे, सेक्रेटरींना आत्ताच फोन केला. रविवारी मासिक सभा आहे, मी जातोय. मेसटिन अजून पोस्टात टाकू नका. घरचे कोण आहेत, त्यांना तो हवा आहे का, हे आधी त्यांच्याच तोंडून ऐकू.