मदत हवी आहे : अ‍ॅनोड स्लाइमच्या खोलीत लसणीचा वास, कार्ट्रिज कुठलं घ्यायचं?

स्लाइमवाला_बडोदा · मंगळवार, सकाळी ९:२०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे कॉपर रिफायनिंग आहे, पोर गावाच्या बाजूला. स्लाइम (तांबं शुद्ध करताना सेलच्या तळाशी साचणारा गाळ) धुतो त्या खोलीत शुक्रवारपासून लसणीसारखा वास येतोय. दोन मुलांचं डोकं दुखतंय, एकाला मळमळतंय. एन९५ देऊन पाहिला, वास येतोच. हाफ मास्कला कुठलं कार्ट्रिज लावायचं तेवढं सांगा, पिवळं की ऑलिव्ह? दुपारी माणूस दुकानात पाठवायचाय. व्हेंटिलेशनवर भाषण नको, एक्झॉस्ट आहे.

तर्री_मारके · ९:३१

आधी जेवणाचे डबे तपासा. बडोद्यात लसणीचा वास म्हणजे कुणीतरी सेवउसळ बांधून आणलीय.

मंजुसर_मेंटेनन्स · ९:४४

मास्कमध्ये पैसे घालू नका. खोलीला डक्ट काढा, बाहेर कास्टिकचा स्क्रबर (हवा धुणारी टाकी) बसवा, ५ टक्के सोडा, खाली रिसर्क्युलेशन पंप. अ‍ॅसिडचा कुठलाही वास असो, कास्टिकपुढे टिकत नाही. फॅब्रिकेटर हवा असेल तर मकरपुऱ्यात आहेत, व्यनि करा.

चौथा_सेल · ९:५८

स्लाइमवाले, कार्ट्रिजचं राहू द्या, आधी एवढं सांगा.

वास खोलीत येतो की माणसांच्या तोंडाला येतो? म्हणजे तो मुलगा घरी गेल्यावर बायको म्हणते का, की तोंडाला लसणीचा वास आहे? स्लाइम कुठल्या अ‍ॅनोडचं आहे, स्क्रॅपचं की ब्लिस्टरचं (भट्टीतल्या कच्च्या तांब्याचं)? धुताना अ‍ॅसिड वापरता की नुसतं गरम पाणी? लिबरेटर (द्रावणातलं उरलेलं तांबं करंटने काढायचा सेल) त्याच शेडमध्ये आहे का? शुक्रवारी किंवा त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं? आणि सगळ्यात आधी हे विचारा, की त्या तिघांच्या लघवीचा रंग कसा आहे?

स्लाइमवाला_बडोदा · १०:१५

कार्ट्रिजचा नंबर विचारला होता, मुलाखत सुरू झाली. असो. वास खोलीत येतो, बाहेर पडलं की जातो. अ‍ॅनोड स्क्रॅपचे. धुण्याआधी स्लाइममधलं तांबं काढायला १५ टक्के सल्फ्युरिक आणि हवा, नेहमीसारखं. लिबरेटर वेगळ्या शेडमध्ये, ४० मीटरवर. बदललं काहीच नाही. लघवीचं काय विचारायचं, मुलं हसतील.

कारेलीबाग_काका · १०:२२

कामगारांना रोज गूळ आणि पाव लिटर दूध द्या. जुन्या गिरण्यांत द्यायचे, धूळ घशाखाली उतरत नाही.

चौथा_सेल · १०:४०

हसू देत, विचारा. तोंडाचा वास वेगळा आणि खोलीचा वेगळा, म्हणून ते पहिलं विचारलं. टेल्युरियम किंवा सेलेनियम पोटात, छातीत गेलं की शरीर त्याचा वायू करून श्वासातून बाहेर टाकतं, मग माणूस जिथे जाईल तिथे लसूण. टेल्युरियमचं अगदी थोडं प्रमाणही पुरतं, वास कित्येक दिवस जात नाही. ती धूळ आणि हात न धुता खाण्याची भानगड. तुमचा वास खोलीतच राहतो, बाहेर जात नाही. ओलं अ‍ॅसिड, स्क्रॅपचं स्लाइम म्हणजे आर्सेनिक-अँटिमनी आलंच. यावरून मला आर्सिन, म्हणजे आर्सेनिकचा विषारी वायू, वाटतोय.

आर्सिनवर पिवळं नको, ऑलिव्हही नको. वास कळायला हवेत साधारण ०.५ पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग) लागतं. १९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातली मर्यादा ०.०५ होती. म्हणजे नाकाने सांगितलं तेव्हा मर्यादेच्या दहापट आधीच झालेलं असतं. कार्ट्रिज संपलं हे कळायला वासावर भरवसा ठेवतो, तोच इथे चालत नाही. ३ पीपीएम ही जिवाला तातडीच्या धोक्याची पातळी मानतात. त्या खोलीत जायचंच असेल तर एअर लाइन (बाहेरून नळीने हवा) किंवा पाठीवर सिलिंडरवाला सेट. त्याशिवाय कुणीही जाऊ नये, आत्तापासून. माणसं बाहेर काढली का?

मंजुसर_मेंटेनन्स · १०:५२

अहो, एवढं घाबरवू नका. आर्सिन लिबरेटरमध्ये होतं, स्लाइमच्या खोलीत कुठून येईल? तिथे करंटच नाही. आणि आलं तरी कास्टिक घेईलच.

चौथा_सेल · ११:०५

कास्टिक आर्सिनला हातही लावत नाही. तो अ‍ॅसिड वायू नव्हे. त्याला ऑक्सिडाइझ करणारं द्रावण लागतं, परमँगनेट किंवा हायपोक्लोराइट. आणि हायपो त्या अ‍ॅसिडी खोलीच्या डक्टवर लावलंत तर क्लोरीन वेगळा, म्हणजे एकाचे दोन.

लिबरेटरचं तुमचं बरोबर. तिथे लेडचे अ‍ॅनोड घालून तांबं लिटरला ४० ग्रॅमवरून उतरवत नेतात, ग्रॅम-दोन ग्रॅमवर आलं की कॅथोडवर आर्सेनिक आणि आर्सिन. पण करंटचीच गरज नाही. अ‍ॅसिडात जस्त, अ‍ॅल्युमिनियम किंवा लोखंड पडलं की ताजा हायड्रोजन सुटतो आणि शेजारचं विरघळलेलं आर्सेनिक उचलून आर्सिन करतो. मार्श टेस्ट हीच, १८३६ सालची, विषबाधेचा तपास करायला जस्त-अ‍ॅसिडच घालायचे. म्हणून पुन्हा विचारतो, स्लाइमला धातू कुठला लागला?

गोत्री_गृहिणी · ११:१०

मध्येच विचारते हं. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी प्यायला सुद्धा धोका आहे का मग? आमच्या सासूबाई रोज पितात.

टँकहाऊस_७ · ११:१८

ताई, साध्या पाण्याचं ठीक. लिंबू, ताक, चिंच घालून तांब्यात ठेवू नका, निळसर-हिरवं उतरतं. कल्हई असेल तर उत्तम.

मूळ धाग्यासाठी : टँकहाऊसमध्ये (तांब्याच्या सेलच्या हॉलमध्ये) सेलवर २० मिमीचे पोकळ प्लास्टिकचे गोळे सोडा, पृष्ठभाग झाकला की अ‍ॅसिड मिस्ट कमी उडतं. सल्फ्युरिकची मर्यादा १ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. जास्त मिस्टमध्ये वर्षानुवर्षं काम केलं की पुढच्या दातांची कड झिजते, स्वरयंत्राच्या कॅन्सरचा धोका वेगळा.

स्लाइमवाला_बडोदा · ११:२५

गोळे कुणी विचारले?? धातूचं म्हणाल तर टाकी रबर लाइन्ड, पॅडल पीपी प्लास्टिकचं. गुरुवारी प्लास्टिकच्या बादल्या तडकल्या म्हणून शेठने बाजारातून ६ जीआयच्या बादल्या आणि दोन घमेली पाठवली. त्यात स्लाइम भरून फिल्टर प्रेसपर्यंत नेतो. बाकी काही बदललं नाही, आधीच सांगितलं.

चौथा_सेल · ११:२८

झालं. जीआय म्हणजे वर जस्ताचा थर. खोली रिकामी करा. आत्ता. उत्तर नंतर लिहा.

रावपुरा_पॅथ · ११:३४

वर ज्यांना मळमळ, डोकेदुखी आहे त्यांच्यासाठी लिहितो, बाकी बादल्यांचं तुम्ही बघा. आर्सिन फुप्फुसाला टोचत नाही, खोकला नाही, डोळ्यांतून पाणी नाही. रक्तातल्या लाल पेशी फोडतं. त्रास दोन तासांपासून २४ तासांपर्यंत कधीही सुरू होतो, म्हणून ‘आत्ता बरं वाटतंय’ याला अर्थ नाही. पोटात कळ, मग लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोकमासारखी, मग डोळे पिवळे. कधी कातडीला तांबूस झाक येते.

लघवीची पट्टी लावली की ती ‘रक्त’ दाखवते, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसत नाहीत. ते हिमोग्लोबिन असतं. इथेच गल्लत होते, मूतखडा म्हणून पाठवून देतात. सोबत सीबीसी, बिलिरुबिन, एलडीएच, क्रिएटिनिन करा, आणि ६ तासांनी पुन्हा. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरी पाठवू नका. रक्तपेढी आणि डायलिसिस दोन्ही आहेत अशा ठिकाणी न्या, सयाजी रुग्णालयात आहेत. चिठ्ठीवर ‘आर्सिनची शक्यता, जस्त आणि अ‍ॅसिड’ असं स्वच्छ लिहा. नुसतं ‘गॅस लागला’ लिहिलंत तर ऑक्सिजन लावून बसवतील. भारी केसला रक्त बदलावं लागतं. बीएएल नावाचं आर्सेनिकवरचं इंजेक्शन पेशी फुटणं थांबवत नाही, त्यावर वेळ घालवू नये.

कारेलीबाग_काका · ११:४१

म्हणूनच म्हटलं दूध. आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या द्या, तोंडाचा लसणीचा वास जातो.

रावपुरा_पॅथ · ११:४६

काका, टेल्युरियममध्ये तोंडाचा वास कमी होतो हे खरं, पण धूळ अजून आत जातेय हे सांगणारा तो एकच पाहुणा, त्याला घालवू नका. इथे प्रश्न रक्ताचा आहे, दुधाने पेशी शिवल्या जात नाहीत.

स्लाइमवाला_बडोदा · दुपारी १२:१०

काढले सगळे बाहेर. तिघांपैकी एकाची लघवी सकाळपासून ‘कडक चहासारखी’, कुणाला सांगितलं नव्हतं. १०८ बोलावली, दोघं बरोबर गेलेत. चिठ्ठीवर तसंच लिहिलं. ज्याला फक्त मळमळ होती तोही गेला.

बादल्यांचं काय करू? दारातून दिसतायत. आतली चकाकी गेलीय, स्लाइमच्या रेषेखाली काळपट झालंय, आणि कडेला सोड्यासारखे बारीक बुडबुडे. झाकण टाकून ठेवू का? चुना टाकू?

चौथा_सेल · १२:१८

झाकण नको. आत हायड्रोजन आणि आर्सिन दोन्ही साठतील. चुना नको, अ‍ॅसिडात गरम होऊन उसळेल. पाणीही ओतू नका, पातळ झालं तरी जस्त विरघळतंच. दारं उघडी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा, वेल्डिंग-ग्राइंडिंग त्या बाजूला बंद. आर्सिन हवेपेक्षा पावणेतीनपट जड, जमिनीलगत, ड्रेनच्या खड्ड्यात बसतं, म्हणून खालचा पिट कुणी बघायला जाऊ नये.

बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. ते थांबणं म्हणजे जस्त-लोखंड किंवा अ‍ॅसिड संपलं. मग सिलिंडर सेट घातलेला माणूस, बाहेर तसाच सेट घालून दुसरा तयार, आणि स्लाइम पीपीच्या टबात ओता, अ‍ॅसिड परत टाकीत. रिकामी बादली आत राहू नये, बाहेर मोकळ्या जागी. आत जाण्याआधी आर्सिनची डिटेक्टर ट्यूब मारा, ०.०५ पीपीएमपासून मोजणाऱ्या येतात. तुमच्याकडचा चार गॅसचा मीटर असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. त्यात ऑक्सिजन, ज्वलनशील, सीओ, एच२एस एवढंच, आर्सिन नाही. एलईएल (ज्वलनशीलचा आकडा) शून्य दाखवेल आणि माणूस आडवा होईल.

मंजुसर_मेंटेनन्स · १२:३०

ठीक, कास्टिकचं मागे घेतो. पण सिलिंडर सेट छोट्या युनिटकडे कुठून येणार? शेजारच्या मोठ्या प्लांटकडे मागा, म्युच्युअल एड (कारखान्यांची आपसातली मदत) असतं.

आणि एक्झॉस्ट म्हणताय तो छताला आहे ना? जड वायूला छताचा पंखा म्हणजे मुलांच्या नाकावरून वर ओढणं. टाकीच्या कडेला स्लॉट हूड (कडेतूनच वायू ओढणारा) हवा.

स्लाइमवाला_बडोदा · १२:४१

छतालाच आहे.

टँकहाऊस_७ · १२:५५

पुढे जे काही कराल त्यात स्लाइम-अ‍ॅसिडला काय लागणार हे पाहा. एचडीपीई किंवा पीपीची बादली, एफआरपी (फायबरग्लास), रबर लाइन्ड. खरवडायला अ‍ॅल्युमिनियमचा फावडा नको, तो तर जस्ताइतकाच वाईट. तारेचा ब्रश, लोखंडी खराटा, टाकीत पडलेला नट-बोल्ट, सगळं बंद. खरेदीच्या चिठ्ठीवर ‘बादली’ एवढंच लिहिलंत तर शेठ स्वस्त तेच पाठवणार, जीआय चालत नाही असं त्यावर लिहा. स्लाइम वाळू देऊ नका, वाळलं की धुळीत शिसं, सेलेनियम, आर्सेनिक सगळं उडतं. ओलंच प्रेसला, ओलंच ड्रमात. त्या ड्रमांना नंबर आणि लेबल, बाहेर जाताना फॉर्म १० (घातक कचरा नेण्याची नोंद), नाहीतर जीपीसीबीवाले (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ) येतील तेव्हा तुमचं उत्तर नसेल.

दांडियाबाजार_ट्रेडर · १:०२

स्लाइममध्ये चांदी किती आहे? असे ड्रम आम्ही घेतो, रेट बोला.

चौथा_सेल · १:०४

ट्रेडर, जरा थांबा. दोन माणसं इस्पितळात आहेत. 

रावपुरा_पॅथ · १:२०

तीन. आणि आत काम केलेले पण त्रास नसलेले किती, त्यांचीही लघवी तपासा. गुरुवारपासून ज्या ज्या शिफ्टने बादली उचलली, सगळ्यांची. आर्सेनिकची विषबाधा कळवावी लागणाऱ्या रोगांत आहे, डॉक्टरांनी मुख्य कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाला कळवायचं.

स्लाइमवाला_बडोदा · संध्याकाळी ५:३५

चहासारखी लघवी झालेल्याचं हिमोग्लोबिन ९.८, बिलिरुबिन वाढलेलं, ठेवून घेतलंय, सलाइन सुरू आहे, रात्री पुन्हा रक्त घेणार. बाकी दोघं निरीक्षणाखाली. पट्टी तिघांचीही पॉझिटिव्ह. शिफ्टमधले अजून सात जण उद्या सकाळी जातायत. सेट शेजारून आलाय, ट्यूब अजून मिळालेली नाही, मिळेपर्यंत कुणी आत जाणार नाही.

शेठना सांगितलं. पीपीच्या १२ बादल्यांची ऑर्डर दिली, २० लिटरच्या. एक विचारायचं राहिलं. या प्लास्टिकच्या बादल्यांची कडी तारेची असते, चकचकीत. ती चालते ना?

टँकहाऊस_७ · ५:४२

ती तार जीआयचीच. भरलेली बादली वाकली, कडी आत पडली, की तेच बुडबुडे. काढा, दोन्ही भोकांतून नायलॉनची दोरी ओवून गाठ मारा.