मदत हवी आहे: ४८६ च्या टर्बो बटणाची वायर कुठे लावायची?

नमस्कार मंडळी, बाबांचा जुना ४८६ कॉम्प्युटर माळ्यावरून काढला, पुसला आणि चक्क चालू झाला! अडलंय ते टर्बो बटणापाशी.

नाव टर्बो, पण त्याचं खरं काम मशीन हळू करणं. १९८१ च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि तेव्हाचे बरेच गेम त्याच वेगावर बेतलेले. ४८६ वर ते इतके सुसाट पळतात की खेळताच येत नाहीत.

माझ्याकडे बटण दाबलं की समोरच्या हिरव्या आकड्यांत ६६ चे ३३ होतात, गेम मात्र तस्साच धावतो. कॅबिनेट उघडल्यावर कळलं, ते आकडे वेग मोजतच नाहीत. मागच्या जंपरवर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) जे लावलंय तेच दाखवतात. बटणाच्या काही वायरी त्या डिस्प्लेकडे जातात, मदरबोर्डकडे जाणारी जोडी नुसतीच लोंबकळतेय.

बोर्डच्या कडेला ‘टीबी एसडब्ल्यू’ लिहिलेल्या दोन पिना आहेत. त्याच का? बोर्डचं मॅन्युअल हाताशी नाही, आणि बाबांचं मशीन जाळायची भीती वाटते. तुमच्या बोर्डवर हे बटण क्लॉक (प्रोसेसरचा वेग) कमी करायचं की कॅशे (प्रोसेसरची जलद मेमरी) बंद करायचं, तेही सांगा. फोटो हवे असतील तर लगेच टाकतो.