मॅटप्लॉटलिब : तुटक रेघ चढावर तुटक दिसते आणि सपाटीवर सलग होते, असे का?

पूर्णाकाठ, परभणी

नमस्कार. जायकवाडी, माजलगाव, मांजरा आणि येलदरी या चार धरणांच्या उपयुक्त साठ्याची आठवडावार टक्केवारी मी मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीने एकाच आलेखात मांडत आहे. वर्ष जून ते मे असे धरल्यामुळे प्रत्येक धरणाचे ५२ बिंदू होतात. अहवालाच्या प्रती झेरॉक्सवर काळ्या-पांढऱ्या निघणार असल्याने रंगांवर विसंबता येत नाही, म्हणून जायकवाडीला सलग रेघ, माजलगावला '--', मांजरा धरणाला ':' आणि येलदरीला '-.' अशी लाइनस्टाइल (रेघेचा प्रकार) दिली आहे. आकृतीचा आकार मूळचाच, म्हणजे ६.४ बाय ४.८ इंच आहे आणि रेघेची जाडी २ आहे.

अडचण अशी की, ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरताना जिथे उभा चढ आहे तिथे माजलगावची रेघ व्यवस्थित तुटक दिसते; मात्र दिवाळीनंतर साठा हळूहळू उतरू लागला की तीच रेघ सलग होते आणि जायकवाडीच्या रेघेपासून वेगळी ओळखू येत नाही. येलदरीचीही तीच गत आहे. मांजरा धरणाचे ठिपके तर सपाटीवर लांबट होऊन तुटक रेघेसारखे दिसतात. डीपीआय (दर इंचातले पिक्सेल) १०० वरून ३०० केला, तरी काही फरक पडला नाही.

काळी माती, जालना

डीपीआयने फरक पडणार नाही, कारण रेघेच्या तुकड्यांची लांबी पिक्सेलमध्ये नव्हे, तर पॉइंटमध्ये मोजली जाते आणि एका इंचात ७२ पॉइंट असतात. चढावर तुटक आणि सपाटीवर सलग, या लक्षणावरून मला वाटते की आपण पूर्ण वर्षाची रेघ एकदम काढत नसून, लूपमध्ये (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवून) मागचा आठवडा आणि चालू आठवडा असे दोन-दोन बिंदू जोडत आहात. तसे आहे का?

पूर्णाकाठ, परभणी

हो, तसेच आहे. दर आठवड्याची फाइल वेगळी असल्यामुळे वाचता वाचताच जोडत गेलो. त्याचा रेघेच्या प्रकाराशी संबंध असेल असे वाटले नव्हते.

काळी माती, जालना

संबंध तिथेच आहे. वाकळ शिवताना आपण धावदोरा घालतो, तेव्हा सुई वर-खाली होण्याचा क्रम दोरा संपेपर्यंत चालू राहतो; पण प्रत्येक टाक्यानंतर दोरा तोडून लगेच शेजारून नवा टाका वरच्या बाजूनेच सुरू केला, तर वरून पाहणाऱ्याला सलग दोरा दिसेल. आपल्या लूपमध्ये हेच होते : प्रत्येक जोडणी ही स्वतंत्र रेघ असते आणि तिचा नमुना पहिल्या भरीव तुकड्यापासून नव्याने सुरू होतो.

आता आकडे पाहा. '--' चा मूळ नमुना ३.७ भरीव आणि १.६ मोकळा असा आहे, मॅटप्लॉटलिबच्या आवृत्ती २.० पासून या आकड्यांना रेघेच्या जाडीने गुणले जाते, त्यामुळे जाडी २ असताना भरीव तुकडा ७.४ पॉइंटांचा होतो. आपल्या आकृतीत बाजूचा समास सोडून आडव्या दिशेला साधारण ३२५ पॉइंट उरतात, त्यात ५१ जोडण्या बसवल्या की एक जोडणी सव्वासहा-साडेसहा पॉइंटांची होते. म्हणजे मोकळी जागा येण्यापूर्वीच जोडणी संपते. चढावर जोडणी तिरपी, म्हणून लांब असते आणि तिथे मोकळी जागा मिळते. ठिपक्यांचा नमुना १ आणि १.६५, म्हणजे आपल्याकडे २ आणि ३.३, त्यात जोडणीच्या शेवटी उरलेला अर्धामुर्धा ठिपका पुढच्या जोडणीच्या ठिपक्याला चिकटतो आणि लांबट दिसतो.

सगळ्या फाइली आधी एका यादीत गोळा करून प्रत्येक धरणासाठी प्लॉट (रेघ काढणारी आज्ञा) एकदाच बोलवावा. नमुना मनासारखा हवा असेल तर लाइनस्टाइलला (०, (५, २)) असे लिहून देता येते. पहिला आकडा सुरुवात किती पुढे सरकवायची तो, आणि आतल्या कंसात भरीव, मोकळा, भरीव, मोकळा या क्रमाने सम संख्येने आकडे. तेही जाडीने गुणले जातात हे लक्षात ठेवावे, नाहीतर जाडी ३ केल्यावर ५ चा तुकडा १५ पॉइंटांचा का झाला, याचे कोडे पडते. ठिपके गोल हवे असतील तर (०, (०.१, २)) देऊन डॅश कॅपस्टाइल (तुकड्याच्या टोकाचा आकार) 'राउंड' म्हणजे गोल करावी, मूळची 'बट' म्हणजे सपाट असल्यामुळे ठिपके चौकोनी दिसतात आणि झेरॉक्समध्ये ते फारच मळकट होतात.

गोदाकाठ, नांदेड

एक भर घालतो. उन्हाळ्यात दोन धरणांचा उपयुक्त साठा शून्यावर आला की दोन्ही रेघा एकमेकींवर पडतात. अशा वेळी एकीला (०, (४, ४)) आणि दुसरीला (४, (४, ४)) दिले, तर एकीच्या मोकळ्या जागेत दुसरीचा तुकडा बसतो.

काळी माती, जालना

दादा, दोन्ही रेघा सुरुवातीपासून एकाच वाटेने गेल्या असतील तरच हे जमेल. नमुना रेघेच्या लांबीनुसार पुढे सरकतो. माजलगाव पावसाळ्यात अधिक चढले आणि मांजरा कमी, तर मेपर्यंत दोन्ही नमुने कुठल्या कुठे गेलेले असतात आणि तुकडे एकमेकांवर येऊ शकतात. त्यापेक्षा खालची रेघ जाड, फिकट करडी आणि सलग ठेवून तिच्यावर बारीक काळी तुटक रेघ काढावी. आवृत्ती ३.६ किंवा पुढची असेल तर गॅपकलर देऊन मोकळ्या जागेतही दुसरा रंग भरता येतो, परंतु झेरॉक्ससाठी मी पहिलाच उपाय करीन.

पूर्णाकाठ, परभणी

यादी करून चार वेळा प्लॉट बोलवला आणि चारही रेघा वर्षभर जशा हव्या तशा आल्या. मे महिन्यात शून्यावर आलेल्या दोन रेघाही आता करड्या-काळ्या अशा वेगळ्या दिसतात. फक्त लेजंडमध्ये (कोणती रेघ कोणत्या धरणाची ते सांगणाऱ्या चौकटीत) येलदरीच्या नावापुढे एक रेघ आणि एक ठिपका एवढेच येते, नमुना पुरता कळत नाही.

काळी माती, जालना

लेजंडमधल्या रेघेची लांबी अक्षराच्या आकाराच्या दुप्पट, म्हणजे १० च्या अक्षराला २० पॉइंट असते आणि जाडी २ असताना '-.' चा एक पूर्ण फेरा २१.२ पॉइंटांचा होतो. हँडललेंथ, म्हणजे ही पट, ४ करावी.